वाचकांचे प्रश्न : उतू जाणारा फिल्टर आणि आटणारा कोईचा हौद

कोईंच्या, म्हणजे शोभेच्या रंगीत कार्प माशांच्या, परसातल्या हौदांबद्दल आलेल्या पत्रांत या वेळी माशांच्या आजारांपेक्षा पाण्याच्या तक्रारी जास्त आहेत. कुणाचा फिल्टर रात्रीत उतू गेला, कुणाचा हौद रोज बोटभर खाली जातो. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत. मापं आपापल्या हौदाप्रमाणे बदलून घ्यावीत, हिशेबाची रीत मात्र सगळीकडे तीच आहे.

प्रश्न : आमचा हौद ४ मीटर लांब, ३ मीटर रुंद आणि १.२ मीटर खोल आहे. फिल्टर म्हणजे हौदाच्या काठावर ठेवलेले २०० लिटरचे दोन निळे ड्रम. ते ६३ मिमीच्या पाईपने जोडलेत आणि दुसऱ्या ड्रममधून ५० मिमीच्या पाईपने पाणी परत हौदात पडतं. पाणी अधिक स्वच्छ राहावं म्हणून गेल्या महिन्यात ताशी ४,००० लिटरचा पंप काढून ८,००० चा बसवला. परवा रात्री अकराला सगळं ठीक होतं. पहाटे पाचला पाहतो तर हौदात जेमतेम फूटभर पाणी, ड्रमभोवती चिखल आणि पंप चालूच! मासे वाचले. चुकलं कुठे?
— एक वाचक, रुईकर कॉलनी

उत्तर : पंप मोठा केलात आणि परतीची वाट जुनीच ठेवलीत, चूक इथे झाली. पंप पाणी ढकलतो, पण ड्रममधून हौदात येणारं पाणी फक्त उतारावर येतं. त्याला ढकलणारं कुणी नसतं, म्हणून परतीचा पाईप नेहमी आत येणाऱ्या पाईपपेक्षा बराच मोठा लागतो. थोड्या उतारावर, आत शेवाळाचा थर धरलेला आणि दोन-तीन एल्बो असलेला पाईप किती पाणी नेईल याचा सावध हिशेब असा धरा : ५० मिमी ताशी २,५०० लिटर, ६३ मिमी ४,०००, ७५ मिमी ६,००० आणि ११० मिमी १२,०००. नवा कोरा पाईप याहून जास्त नेतो, पण भरवसा धरायचा तो सहा महिन्यांनंतरच्या पाईपचा.

पंपावर छापलेला ८,००० चा आकडा पाणी अजिबात वर चढवायचं नसतानाचा असतो. ड्रमपर्यंत चढवताना तो उतरतो. नक्की किती ते मोजायला वीस लिटरची बादली आणि घड्याळ पुरे. ड्रममध्ये पडणारा पाईप बादलीत धरा. बारा सेकंदांत बादली भरली तर ताशी ६,००० लिटर, म्हणजे मिनिटाला शंभर. तुमचा पंप याच्याच आसपास असणार असं धरून पुढचा हिशेब करू.

५० मिमीच्या पाईपमधून एवढं पाणी जायला ड्रममध्ये पाण्याचा दाब वाढावा लागतो, म्हणजेच पाणी वर चढावं लागतं. महिनाभर तुमच्या ड्रममधलं पाणी काठाच्या बोटभर खाली चालत असणार, आणि ते कुणी पाहिलं नसणार. त्या रात्री मॅट (फिल्टरमधली घाण अडवणारी जाळीदार गादी) थोडी बुजली किंवा एखादं पान परतीच्या तोंडावर बसलं, तेवढं निमित्त पुरलं. हौदाचं क्षेत्रफळ १२ चौरस मीटर. पाणी ९० सेंमी उतरलं म्हणजे १०,८०० लिटर गेलं. सहा तासांत एवढं जायला ताशी १,८०० लिटर बाहेर सांडावं लागतं. म्हणजे पंपाच्या पाण्यातलं सत्तर टक्के त्या रात्रीही परत हौदातच येत होतं! फिल्टर बंद पडला नव्हता, थोडासाच तुंबला होता. पूर्ण तुंबला असता तर एवढं पाणी पावणेदोन तासांत गेलं असतं आणि तुम्हाला पहाटे पाचला काहीच वाचवता आलं नसतं.

आता दुरुस्ती. परतीचा पाईप ११० मिमीचा करा. दोन ड्रममधला जोडही ११० मिमीचा करा, नाहीतर अडचण फक्त एक ड्रम मागे सरकेल. परतीचा पाईप सरळ उताराने न्या. मध्ये कुठे वर चढून खाली उतरला, तर त्या उंचवट्यात हवा अडकते आणि मोठा पाईपही लहान पाईपासारखा वागतो.

पण पाईप कितीही मोठा घातला तरी फिल्टर कधी ना कधी तुंबणारच. घाण धरून ठेवणं हेच त्याचं काम आहे. म्हणून तुंबल्यावर पाणी कुठे जाणार हे आधी ठरवून ठेवायचं. राधानगरी धरण भरलं की दरवाजे उघडायला कुणी बटण दाबत नाही. पाणी ठराविक पातळीला आलं की ते आपोआप उघडतात आणि पाणी भोगावती नदीतच जातं. फिल्टरलाही असा सांडवा हवा, आणि त्याचं पाणी हौदातच पडलं पाहिजे.

सांडवा पहिल्या ड्रमला काढा, जिथे पंपाचं पाणी येतं तिथे. पुढे कुठेही तुंबलं तरी पाणी मागे चढत याच ड्रममध्ये येतं, त्यामुळे दुसऱ्याला वेगळा सांडवा लागत नाही. फक्त दोन्ही ड्रमचे काठ एका पातळीत हवेत. ताशी ६,००० लिटरला सांडवाही ११० मिमीचाच ठेवा. ७५ मिमीचं भोक तोंडोतोंड भरून जेमतेम तेवढं पाणी सोडतं, हाताशी काहीच उरत नाही. पाईपची वरची कड ड्रमच्या काठापासून ५ सेंमी खाली आणि खालची कड रोजच्या पाण्याच्या पातळीपासून ५ सेंमी वर ठेवा. याचा अर्थ रोजचं पाणी काठापासून २१ सेंमी खाली चाललं पाहिजे. परतीचा पाईप मोठा केल्यावर ते आपोआप तेवढं उतरेल. नाही उतरलं तर परतीचं भोक खाली घ्या.

सांडव्याला व्हॉल्व्ह बसवायचा नाही, बारीक जाळी लावायची नाही. ड्रमचं अंग गोल असल्यामुळे मोठ्या टँक कनेक्टरचं सपाट वॉशर नीट बसत नाही. रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेवर बसणारं कडं) बसवून त्यातून पाईप सारा, ते गोलाईवर चांगलं धरतं. दुसरं टोक हौदाच्या पाण्याच्या वर, डोळ्यांना दिसेल असं सोडा. सांडवा वाहू लागला की पाणी पडण्याचा आवाज बदलतो, आणि मॅट धुवायची वेळ झाल्याचं घरात बसून कळतं.

यानंतर फ्लोट स्विच. तळाची घाण उचलायची म्हणून पंप तळाशी ठेवलेला असतो आणि म्हणूनच तो हौद तळापर्यंत उपसू शकतो. टाकीसाठी मिळतो तसा वायरवाला फ्लोट हौदात असा बांधा की पाणी १० सेंमी उतरलं की पंप बंद व्हावा. तुमच्या हौदात १० सेंमी म्हणजे १,२०० लिटर. मासे सुखरूप राहतात. दुसरा फ्लोट पहिल्या ड्रममध्ये, सांडव्याच्या वरच्या कडेशी बांधा. इलेक्ट्रिशियनला स्पष्ट सांगा : हौदातला फ्लोट उपशाच्या जोडणीने (पाणी कमी झालं की बंद), ड्रममधला भरण्याच्या जोडणीने (पाणी जास्त झालं की बंद), आणि दोन्ही एकामागोमाग एकाच ओळीत, म्हणजे कुठलाही एक सुटला तरी पंप थांबेल. या जोडण्या उलटसुलट होतात. झाल्यावर हाताने फ्लोट उचलून आणि सोडून दोन्ही तपासा. स्विच घेताना तो पंपाचा करंट सोसणारा आहे का हे विचारा. मॅग्नेटचे बोटाएवढे छोटे फ्लोट थेट पंपाला जोडले तर जळतात, त्यांना मध्ये रिले (मोठा करंट सोसणारा वेगळा स्विच) लागतो. आणि पंपाच्या लाईनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाईन तोडणारा स्विच) नसेल तर हौदात हात घालण्याआधी तो बसवून घ्या.

फ्लोटने पंप थांबला की फिल्टरही थांबतो, म्हणून हवेचा पंप या ओळीत जोडू नका, त्याला वेगळी लाईन द्या. रात्री माशांना तोच सांभाळतो.

प्रश्न : आमचा फिल्टर जमिनीत आहे. हौदाच्या तळातून ११० मिमीचा पाईप तीन कप्प्यांच्या सिमेंटच्या टाकीत येतो आणि शेवटच्या कप्प्यातला पंप पाणी हौदात टाकतो. पंप चालू असताना काही होत नाही. लाईट गेली की मात्र फिल्टरच्या एका कोपऱ्यावरून पाणी वाहू लागतं. पंप बंद असताना फिल्टर भरतोच कसा?
— एक वाचक, कळंबा

उत्तर : पंप बंद असतानाच तो भरणार. तुमचा हौद आणि फिल्टर तळातून जोडलेले आहेत, म्हणजे ते एकच भांडं आहे. पंप चालू असताना तो शेवटच्या कप्प्यातून पाणी ओढत असतो, त्यामुळे फिल्टरमधली पातळी हौदापेक्षा काही सेंटिमीटर खाली राहते. लाईट गेली की फिल्टरमधलं पाणी चढून हौदाच्या पातळीला येतं. फिल्टरचा काठ हौदाच्या पातळीपेक्षा खाली असेल, तर काठापर्यंतचं सगळं पाणी बाहेर जाणार.

एकाच कोपऱ्यावरून वाहतं याचा अर्थ टाकी त्या बाजूला खचली आहे. काळ्या मातीत हे नेहमीचं. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि मुरूम न भरता, काँक्रीटचा थर न देता बांधलेली टाकी तिच्याबरोबर हलते. गवंड्याची लेव्हल पाईप आणा. तिचं एक टोक हौदाच्या पाण्याच्या रेषेला धरा आणि दुसरं फिल्टरच्या चारही कोपऱ्यांना लावून खुणा करा. फिल्टरचा काठ हौदाच्या जास्तीत जास्त पातळीपेक्षा सगळीकडे निदान ८ ते १० सेंमी वर हवा. कमी असेल तर विटेचा एक थर चढवून आतून-बाहेरून गिलावा आणि आतून वॉटरप्रूफिंग करून घ्या. तोपर्यंत हौदातली पातळी त्या खचलेल्या कोपऱ्याच्या ५ सेंमी खाली आणून ठेवा. दिसायला बरं दिसत नाही, पण पाणी राहतं.

आणखी एक. लाईट चार-पाच तासांहून जास्त वेळ गेली तर आल्या आल्या पंप चालू करू नका. बंद कप्प्यांतला प्राणवायू संपून तिथलं पाणी सडायला लागलेलं असतं. आधी तेवढे कप्पे गटारात रिकामे करा, हौदातल्या ताज्या पाण्याने भरू द्या, मग पंप.

ज्यांचा फिल्टर हौदापेक्षा उंच आणि पंप हौदात आहे, त्यांना लाईट गेल्यावर याच्या उलट अनुभव येतो. पंपाचा पाईप ड्रममध्ये पाण्याखाली बुडवलेला असेल तर तो नळीसारखं काम करून ड्रम उलटा हौदात रिकामा करतो आणि काठोकाठ भरलेला हौद उतू जातो. पाईपचं तोंड ड्रममधल्या पाण्याच्या वर ठेवा. ते जमत नसेल तर पाण्याच्या रेषेलगत पाईपला ६ मिमीचं भोक पाडा. पंप चालू असताना त्यातून बारीक चिळकांडी ड्रममध्येच उडेल, पंप थांबला की तिथून हवा शिरून ओढ तुटेल. एनआरव्ही (पाणी उलटं येऊ न देणारा व्हॉल्व्ह) असला तरी हे भोक ठेवाच. एनआरव्हीच्या झडपेत शेवाळ किंवा गोगलगाय अडकली की तो नसल्यासारखाच. हवेच्या पंपाचंही तसंच : तो हौदाच्या पातळीपेक्षा उंच ठेवला नाही, तर लाईट गेल्यावर पाणी नळीतून त्याच्या पोटात जातं.

प्रश्न : साडेतीन मीटर बाय अडीच मीटरचा हौद आहे. सध्या रोज दोन सेंटिमीटर पाणी कमी होतं. काही जण म्हणतात उन्हाने उडतं, काही म्हणतात गळती आहे. हौद रिकामा न करता कसं ओळखायचं?
— एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : बादलीने. हौदाच्या पायरीवर किंवा दोन विटांवर बादली अशी ठेवा की तिचा काठ पाण्याच्या थोडा वर राहील. तिच्यात हौदाचंच पाणी बाहेरच्या पातळीइतकं भरा. बादलीत एक आणि हौदाच्या भिंतीवर एक अशा पेन्सिलने खुणा करा. कारंज्याचे, धबधब्याचे तुषार बादलीत उडत नाहीत एवढं पाहा. चोवीस तासांनी दोन्ही मोजा. ऊन, वारा, हवा दोन्हीला सारखीच, त्यामुळे बादलीत जेवढं कमी झालं तेवढं उडालं आणि हौदात त्याहून जास्त गेलं ते गळलं.

समजा बादली ७ मिमी उतरली आणि हौद २० मिमी. फरक १३ मिमीचा. तुमचं क्षेत्रफळ ८.७५ चौरस मीटर, म्हणजे दिवसाला सुमारे ११४ लिटर गळती. तासाला पावणेपाच लिटर. ही नुसती ओल नव्हे, बारीक धारच. दोन्ही सारखे उतरले तर मात्र गळती शोधत बसू नका, हौदावर शेडनेट टाका. सावली आणि वारा अडवणं एवढाच त्यावर उपाय.

गळती निघाली तर दुसऱ्या दिवशी हीच चाचणी पाण्याचा पंप बंद ठेवून करा. हवेचा पंप चालू राहू द्या, आणि त्या दिवशी माशांना खायला घालू नका. पंप बंद केल्यावर गळती थांबली तर हौद निर्दोष आहे. दोष फिल्टर, जोड, यूव्हीची (पाणी हिरवं होऊ न देणाऱ्या अतिनील दिव्याची) कॅप किंवा धबधब्यात. यूव्हीच्या काचेभोवतालचं रबरी रिंग वर्षाने कडक होतं. ते बदला, नवीन बसवताना सिलिकॉनचं ग्रीस लावा, आणि कॅप पाना लावून आवळू नका.

पंप बंद असूनही पाणी उतरत राहिलं तर उतरू द्या, पण लक्ष ठेवून. ते एका रेषेला येऊन थांबतं आणि भोक त्याच रेषेवर असतं. चारही बाजूंनी ती रेष तपासा : पाईप भिंतीतून बाहेर पडतो ती जागा, कोपरे, लायनरच्या (हौदात अंथरलेल्या प्लास्टिकच्या किंवा रबरी कागदाच्या) घड्या. संशय येईल तिथे सुई काढलेल्या सिरिंजने थोडं दूध सोडा. गळती असेल तर दुधाची रेघ तिकडे ओढली जाते. दोन-चार मिली पुरे. तांब्याभर दूध ओतलंत तर हौद गढूळ होऊन काहीच दिसणार नाही. पाणी ४५ सेंमीपर्यंत येऊनही थांबलं नाही तर मासे हौदातल्याच पाण्याच्या टबात हलवा, टबात हवा सोडा आणि वर जाळी बांधा. टबातल्या पहिल्या रात्रीच कोई उड्या मारतात.

ज्यांच्याकडे टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) आहे त्यांना आणखी एक खूण. पाणी उडतं तेव्हा क्षार मागे राहतात, म्हणून फक्त उडणाऱ्या आणि पुन्हा भरत जाणाऱ्या हौदाचा टीडीएस आठवड्यागणिक चढत जातो. रोज पाणी भरूनही आकडा नळाच्या पाण्याच्या जवळच राहत असेल, तर हौदातून पाणी क्षारांसकट बाहेर जात आहे. मीठ घातलेलं असेल तर हेच लक्षात ठेवा : उडालेल्या पाण्याच्या बदल्यात मीठ घालायचं नसतं, गळलेल्या किंवा काढलेल्या पाण्यापुरतंच.

प्रश्न : रोज पाणी भरायचा कंटाळा येतो म्हणून हौदाला बॉलकॉक बसवून नळाची लाईन थेट जोडायची आहे. चालेल ना?
— एक वाचक, नागाळा पार्क

उत्तर : नको. बॉलकॉक गळती बुजवत नाही, लपवतो. हौद रोज भरलेला दिसतो आणि शंभर लिटरांची गळती हजारावर गेली तरी तुम्हाला कळत नाही. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. थोडं थोडं आलं तर विरतं. पण फिल्टर उतू गेला आणि बॉलकॉक रात्रभर उघडा राहिला, तर सकाळी हौद भरलेला आणि मासे मेलेले दिसतात. यापेक्षा पाणी कमी झालेला हौद परवडला.

आपोआपच भरायचं असेल तर ठिबकचा ड्रिपर वापरा. ताशी ४ लिटरचा एक ड्रिपर दिवसाला ९६ लिटर देतो, १२ चौरस मीटरच्या हौदात ८ मिमी पाणी. उन्हाळ्यातली झीज भरायला पुरेसं. गच्चीवरच्या टाकीच्या दाबावर तो कमी देतो, म्हणून एक लिटरची बाटली किती मिनिटांत भरते ते पाहून घ्या. ड्रिपर बिघडला तरी सहसा बुजतो, हौदात पूर आणत नाही. आणि त्याची मर्यादा ठरलेली असल्यामुळे पातळी उतरायला लागली की गळती आहे हे कळतं. लाईनवर अर्ध्या इंची मीटर बसवला तर उत्तम. नळीचं तोंड मात्र पाण्याच्या ५ सेंमी वर ठेवा, नाहीतर नळ गेल्यावर हौदाचं पाणी घरच्या लाईनमध्ये ओढलं जाईल.

हाताने भरणार असाल तर आधी ड्रममध्ये. हजार लिटर नळाच्या पाण्याला १० ग्रॅम हायपो (क्लोरीन घालवणारं सोडियम थायोसल्फेट), म्हणजे २०० लिटरच्या ड्रमला २ ग्रॅम, मगभर पाण्यात विरघळवून घाला, ढवळा, मग हौदात सोडा. बोअरच्या पाण्याला हायपो नको, पण ते आदल्या दिवशी भरून हवेवर ठेवा. एका वेळी हौदाच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त भरू नये.

प्रश्न : फिल्टरची मॅट किती दिवसांनी धुवावी?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : दिवस मोजू नका, पातळी पाहा. स्वच्छ असताना पहिल्या कप्प्यातलं पाणी कुठे असतं तिथे मार्करने रेघ मारा. पाणी रेघेच्या ३ सेंमी वर आलं की धुवा. उन्हाळ्यात खाणं जास्त असताना हे आठवड्यात दोनदाही होतं, थंडीत पंधरा दिवसांनी. हौदाच्याच पाण्यात पिळा, नळाखाली नाही, आणि सगळ्या मॅट एका दिवशी धुऊ नका. माशांची घाण पचवणारे जिवाणू त्यांच्यातच राहतात.

प्रश्न : धबधबा चालू ठेवला की पाणी लवकर कमी होतं. दगडांमागची जमीन ओली राहते, पण लायनरला भोक सापडत नाही.
— एक वाचक, ताराबाई पार्क

उत्तर : भोक नसेलच. धबधब्याच्या बाबतीत पाणी लायनरमधून नाही, त्याच्या काठावरून जातं. पहिलं कारण, दगडांमध्ये शेवाळ आणि पाचोळा साठून पाणी तुंबतं आणि बोटभर चढून बाजूच्या दबलेल्या कडेवरून मागे उतरतं. पंप चालू असताना दगड एकेक करून उचला आणि लायनरची कड कुठे दबली आहे ते पाहा. कड पाण्याच्या चालत्या पातळीपेक्षा निदान ८ सेंमी वर उभी हवी; तिच्यामागे विटेचा तुकडा आणि माती ठोकून बसवा.

दुसरं कारण हिरवळ. गवताची मुळं किंवा माती लायनरवरून आत पाण्याला टेकली, की कंदिलाची वात जशी तेल ओढते तशी जमीन पाणी ओढते, दिवसरात्र. लायनरची कड उघडी दिसेल इतकी हिरवळ मागे कापा आणि मधली पट्टी खडीने भरा.

कड कुरतडलेली दिसली तर घुशीचं काम समजा. खडीखाली बारीक लोखंडी जाळी अंथरल्याशिवाय ती थांबत नाही.

प्रश्न : पावसाळ्यात आमचा फिल्टर आणि हौद दोन्ही उतू जातात. गेल्या वर्षी दोन मासे गटारात सापडले. काय तयारी करावी?
— एक वाचक, फुलेवाडी

उत्तर : पावसाचं पाणी मोजलं की कारण सापडतं. शंभर मिलिमीटर पाऊस १२ चौरस मीटरच्या हौदात १,२०० लिटर टाकतो. पण ४० चौरस मीटरच्या छपराच्या पागोळ्या हौदात किंवा फिल्टरमध्ये पडत असतील, तर त्या वर आणखी ४,००० लिटर टाकतात. आधी छपराला पन्हाळी लावून ते पाणी दुसरीकडे वळवा. फिल्टरवर उताराचा पत्रा टाका, बाजूंनी हवा खेळती ठेवून.

हौदाला ११० मिमीची बाहेर जाणारी वाट द्या, तिची वरची कड भिंतीच्या काठाच्या १५ सेंमी खाली. तोंडावर सपाट जाळी लावली तर पहिल्याच पावसात एक पान तिला बंद करतं. त्याऐवजी ११० मिमीचा हातभर पाईप घेऊन त्याला करवतीने आडव्या फटी पाडा, टोक कॅपने बंद करा आणि तो आतल्या बाजूला एल्बोने उभा बसवा, निम्म्या फटी पाण्यात आणि निम्म्या वर राहतील असा. एवढ्या सगळ्या फटी एकदम बुजत नाहीत आणि मासाही जात नाही. गटारातून कोई ओढ्यात, नदीत जाऊ देऊ नका. तो कार्पच आहे, तिथे तो तग धरू शकतो आणि तळ उकरून पाणी गढूळ करतो.

पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पुराचं पाणी ३९ फुटांना आलं की इशारा आणि ४३ फुटांना धोका, हे कोल्हापुरात पोरासोरांना पाठ असतं. हौदाच्या भिंतीवरही तशा दोन रेघा मारा : बाहेर जाणाऱ्या वाटेच्या वरच्या कडेशी पिवळी, काठाच्या ५ सेंमी खाली लाल. पाणी पिवळीला टेकलं तर फटी साफ करायच्या, लालला टेकलं तर पंप बंद करून बादल्या उचलायच्या. पंपाचा बोर्ड, हवेचा पंप आणि यूव्हीचा चोक लाल रेघेच्या निदान दोन फूट वर बसवा. टाकी भरल्यावर वाजतो तो स्वस्तातला अलार्म लाल रेघेला बांधला तर रात्री उठून पाहावं लागत नाही.

प्रश्न : हौदाला शेततळ्याचा ५०० मायक्रॉनचा कागद घातला आहे. एक भोक पडलं. कुठलं सोल्युशन लावावं?
— एक वाचक, कागल

उत्तर : कुठलंच नाही. हा कागद एचडीपीई प्लास्टिकचा; त्याला पाईपचं सोल्युशन, रबराचं सोल्युशन, एपॉक्सी यांपैकी काहीही टिकून धरत नाही. दोन दिवस चिकटल्यासारखं वाटतं, मग सालपट निघतं. शेततळ्याचा कागद जोडणारे गरम हवेचं यंत्र घेऊन येतात, त्यांच्याकडून त्याच कागदाचा ठिगळ वितळवून लावून घ्या. ठिगळ भोकापेक्षा सगळीकडून १० सेंमी मोठा आणि कोपरे गोल कापलेला हवा. जागा आधी पुसून पूर्ण कोरडी करा. खाली ओल असली तर वाफ धरून जोड फुगतो. ईपीडीएम रबराचा लायनर असेल तर त्याच्यासाठीचा प्रायमर आणि पट्टी मिळते, ती हाताने लावता येते. पट्टी लावल्यावर रोलर किंवा लाटणं दाबून फिरवा, आणि चोवीस तास तिथे पाणी लागू देऊ नका.